टिपणवहीचा वनवास

माणसाचा स्वतःच्या स्मरणशक्तीवर कधीच विश्वास नव्हता. असता, तर जगात बँका निघाल्या नसत्या, आणि माझ्यासारखा वाणिज्य शाखेचा पदवीधर आज पोटासाठी नेमके काय करीत असता, याची कल्पनाही करवत नाही. बँक म्हणजे तरी काय? "तुम्ही आमच्याकडे इतके इतके रुपये ठेवलेत हे तुम्ही विसरलात तरी आम्ही विसरणार नाही, आणि आमच्याकडून जे घेतलेत ते तर मुळीच विसरणार नाही," असे लेखी आश्वासन देणारे दुकान.

इतिहासाची पुस्तके राजांनी भरलेली असतात. राजांबद्दल मला आदर आहे; शाळेत सनावळ्या पाठ करताना तो थोडा कमी झाला होता, एवढेच. पण राजाने लढाई मारली हे आपल्याला कळले कसे? कोण्या कारकुनाने त्या लढाईत दाणागोटा किती लागला, घोडी किती पडली आणि कोणाची किती बाकी राहिली, हे टिपून ठेवले म्हणून. राजे इतिहास घडवतात. कारकून तो जमेस धरतात. तेव्हा टिपणाचा इतिहास लिहिण्याचा अधिकार प्राध्यापकांइतकाच कारकुनांनाही आहे असे समजून मी हे धाडस करतो आहे. सध्या हाती वही न धरता टिपणे काढण्याचे, म्हणजे फोनमधल्या टिपण-ॲपांचे दिवस आहेत. आणि मी राहतो चंद्रपुरात. इथे गावाची वेस ओलांडली की जंगल सुरू होते, आणि कधी कधी जंगलच वेस ओलांडून आत येते. अशा ठिकाणी टिपणाला काय किंमत असते, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळावे हाही एक हेतू आहे.

आरंभ मोडीपासून करू. मोडी ही लिपी हेमाडपंताने आणली असे परंपरा सांगते. खरेखोटे विद्वान बघून घेतील. पण ती कारकुनानेच काढली असली पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हात न उचलता, शिरोरेघ आधीच ओढून ठेवून, भराभर लिहीत सुटायचे! हे लिहिणाऱ्याच्या सोयीचे होते, वाचणाऱ्याच्या नव्हे. आजही डॉक्टर मंडळी याच परंपरेत लिहितात. समर्थांनी तर दासबोधात लेखन कसे करावे यावर एक अख्खा समास खर्ची घातला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, सगळे सांगितले आहे. असा उपदेश कोणी उगाच करीत नाही. आजूबाजूची अक्षरे पाहूनच तो सुचत असणार. मग हे लिहिलेले कागद कापडात बांधले जात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पेशवे दप्तराचे असे हजारो रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही आहेत. आजच्या भाषेत रुमाल म्हणजे फोल्डर. फरक इतकाच की रुमालाला वाळवी लागते आणि फोल्डरला पासवर्ड लागतो. दोन्हींचा परिणाम सारखाच.

आमच्या या गोंडवनात मात्र कागद उशिरा पोचला. तोवर टिपणे माणसांच्या डोक्यात असत. गोंडांच्या कुळकथा आणि वंशावळी परधान सांगत. पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब तोंडी! ना चार्जिंग, ना रेंज. पण या दप्तराची एक अडचण होती. ते दप्तर कचेरीत चालत नसे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, चांदा इंग्रजांकडे गेला, आणि १८६९ साली मेजर ल्युसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला. (आमच्या एका सहकाऱ्याने हे नाव ऐकून, "त्या काळात एका बाईनं एवढं जंगल पालथं घातलं म्हणजे कमाल आहे," असे उद्गार काढले होते. मेजरसाहेबांच्या मिशांचा विचार करून मी ते मनावर घेतले नाही.) तेव्हापासून या मुलखात एक नवा कायदा लागू झाला, जो कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही: जे साहेबाच्या वहीत नाही, ते नाहीच. तळे आहे, पण वहीत नाही. तर तळे नाही. हक्क आहे, पण वहीत नाही. तर हक्क नाही. पुढचा सगळा इतिहास या एका न छापलेल्या कलमाभोवती फिरतो.

इथे क्षणभर जगाकडे बघू. बी. कॉम. झालेल्या माणसाला एक परदेशी नाव पाठ असतेच: लुका पाचिओली. या इटालियन पाद्र्याने १४९४ साली व्हेनिसला गणिताचा एक मोठा ग्रंथ छापला, आणि त्यात तिथल्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत लिहून काढली. एक रक्कम दोनदा लिहायची. एकीकडे नावे, दुसरीकडे जमा. दोन्ही बाजू जुळल्या तर घरी जायचे, नाहीतर बसायचे. पाचशे वर्षे झाली, आम्ही अजून बसतो आहोत. दुसरे नाव निकलास लूमान या जर्मन प्राध्यापकाचे. त्याने जन्मभरात नव्वद हजारांच्या आसपास चिठ्ठ्या लिहून लाकडी खणांत ठेवल्या आणि त्यांच्या जोरावर पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. त्या पेटीला तो संवादातला आपला जोडीदार मानीत असे. आपल्याकडेही हे वेड काही कमी नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपता टिपता चिठ्ठ्या झाल्या एक कोटीच्या घरात! त्यांतून कोशाचे पस्तीस खंड निघाले, तेव्हाही स्वारी 'अ' या अक्षरातच होती. यावर हसण्याचा मोह होतो. पण ज्याला घरातल्या चार ड्रॉवरांतून लाइटबिल सापडत नाही, त्याने एक कोटी चिठ्ठ्यांना हसू नये.

आता ॲपे. २००३ साली मायक्रोसॉफ्टचे 'वननोट' आले, २००८ मध्ये 'एव्हरनोट', २०१३ मध्ये गुगलचे 'कीप', २०१६ मध्ये 'नोशन'. एव्हरनोटची खूण म्हणजे हत्तीचे डोके. कारण काय, तर हत्ती काही विसरत नाही. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला वनखात्याचे खरेखुरे हत्ती आहेत, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळपही जिल्ह्यात उतरला. ज्यांच्या शेतातून तो गेला, ते शेतकरीही काही विसरलेले नाहीत. ते असो. फोनमधला हत्ती मात्र २०२२ मध्ये इटलीतल्या एका कंपनीने विकत घ्यायचे ठरवले, आणि २०२३ च्या अखेरीस फुकटात वापरणाऱ्यांना कळले की यापुढे एकच वही आणि फक्त पन्नास टिपणे! पाचिओलीचा देश तो. हिशेबाला पक्का असणारच. जुनी टिपणे वाचायला मिळत, नवी लिहायची तर पैसे. सावकाराकडे दागिने गहाण ठेवल्यासारखे. बघायला मिळतील, घालायला नाही.

या ॲपांचा आमच्या घरात प्रवेश झाला तो भाचीबरोबर. ती देसाईगंजकडची. तिथल्या कॉलेजातून पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आमच्याकडे राहायला आली. सामानात एक बॅग, तांदळाचे एक पोते आणि एक फोन. तांदूळ आम्ही खाल्ला. फोनने तिला खाल्ले. म्हणजे असे सुरुवातीला माझे मत झाले. राज्यघटनेला निळा रंग, भूगोलाला हिरवा, चालू घडामोडींना नारिंगी. वहीच्या आत वही, त्या वहीच्या आत कप्पे, कप्प्यांना चिठ्ठ्या. मी चष्मा पुसून पाहत राहिलो. आमच्या शाखेची तिजोरीसुद्धा इतकी लावलेली नसते.

"आणि मामा, तुमी अजून चिटोऱ्यावरच लिवता का जी?" तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहत विचारले.

"चिटोऱ्याला रेंज लागत नाही," मी म्हणालो.

"पन चिटोरा धुन्यात जाते नं! मामीनं कालच धुतला."

यावर उत्तर नव्हते. सौभाग्यवतींनी आमच्या अनेक महत्त्वाच्या नोंदी आजवर साबणाने स्वच्छ केल्या आहेत.

मग मीही शाखेत चौकशी केली, तर सगळेच या पंथाला लागलेले. शेजारच्या खिडकीवरल्या कॅशियरने फोनमध्ये 'आठवण' म्हणून लावलेल्या घंटा दिवसातून अकरा वेळा वाजतात. पाणी पिण्याची, बीपीच्या गोळीची, मुलाच्या फीची, आणि एक घंटा कशाची आहे हे त्यालाही आठवत नाही; पण ती वाजली की तो आदराने उठून उभा राहतो. आमच्या हिने फोनमध्ये किराण्याची यादी ठेवली आहे. ती मला माझ्या फोनवर दिसते. मी आणलेल्या वस्तूवर खूण केली की ती तिला दिसते, आणि न आणलेली वस्तूही तिला तितक्याच तत्परतेने दिसते. पूर्वी "यादी घरी राहिली" असे म्हणण्याची सोय होती. विज्ञानाने नवऱ्याचा तो शेवटचा आसरासुद्धा काढून घेतला.

पण किराण्याच्या यादीत आणि भाचीच्या रंगीत वह्यांत मला एक फरक दिसू लागला. यादी कामाची होती, कारण ती मी लिहीत नव्हतो. लिहिणारी एक आणि वाचणारा दुसरा. तर भाचीची हजारभर टिपणे तिने लिहिली आणि तिथेच त्यांची समाधी झाली. "विधान परिषदेचे सभासद किती?" असे मी सहज विचारले, तर ती म्हणाली, "आहे लिहून." कुठे? "आतमधी आहे." माझ्या खात्यात पैसे आहेत, पण किती ते सांगता येत नाही, असे म्हणणारे खातेदार रोज माझ्या खिडकीशी येतात. त्यांना मी श्रीमंत समजत नाही.

हा फरक मला कळला, यात माझी काही हुशारी नाही. तो बँकेतला पहिला धडा आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेतून लेजरे निरोप घेत होती आणि संगणक पायातले चाळ वाजवीत आत येत होते. तेव्हाचे आमचे हेडक्लार्क वऱ्हाडाकडचे. लाल शाईची दौत त्यांच्यापुढे असे. आम्ही पोरे लिहायचो आणि ते प्रत्येक नोंदीपुढे लाल ठिपका द्यायचे. एकदा मी म्हटले, "साहेब, मी दोनदा तपासलंय." ते मान वर न करता म्हणाले, "बाबू, लिवनारा आंधळा असते. त्याले आपुन काय लिवलं थे दिसत नाही, काय लिवाचं होतं थे दिसते. वाचनारा दुसरा पायजे." आता लेजर गेले, लाल दौत गेली, पण नियम राहिला. संगणकावरसुद्धा नोंद करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा. दोघांपैकी एक चहाला गेला की गिऱ्हाईक ताटकळते. पण त्या ताटकळण्यातच त्याच्या पैशाची सुरक्षितता असते, हे मी त्याला समजावतो. तो मात्र समजून घेत नाही.

हाच नियम रानात कसा चालतो ते आता पाहा. मे महिन्यात आमच्याकडे तेंदूपानाचा हंगाम येतो. पहाटे उठून बाया-माणसे पाने तोडतात, सत्तर पानांचा एक पुडा बांधतात, आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मांडतात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवरचा मुन्शी मोजून आपल्या वहीत लिहितो आणि तोच आकडा मजूर बाईच्या कार्डावर लिहितो. एक रक्कम दोन ठिकाणी! पाचिओलीला चांद्याचा पत्ता ठाऊक नव्हता, पण त्याची पद्धत सागाच्या सावलीत पोचली आहे. आणि ज्या बाईला कार्ड वाचता येत नाही, तीही आपण किती पुडे आणले ते पक्के सांगते. मुन्शीच्या पेनापुढे तिचे डोळे हाच आमच्या हेडक्लार्कांचा लाल ठिपका.

यापुढची हकीकत मात्र हसत सांगण्यासारखी नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या मध्याला गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. मुले दगावत होती हे सगळ्यांना ठाऊक होते. पण किती, कधी, कशाने? घरात जन्मलेले मूल तिसऱ्या दिवशी गेले, तर त्याचा जन्मही कुठे लिहिला जात नसे आणि मृत्यूही. आईच्या मनाखेरीज दुसऱ्या कोणत्याही वहीत ते मूल कधी नव्हतेच. म्हणून त्यांनी आधी नोंदीला हात घातला. गावात घडणारा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहायचा, आणि दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून ते पुन्हा पडताळायचे. बँकेच्या माणसाला हे वाचून गहिवरून येते. इतके दिवस आपण रुपये ज्या काळजीने मोजले, त्या काळजीने कोणीतरी बाळे मोजली.

नोंदायला शिकलेली माणसेच लागतात असेही नाही. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आणि त्यापुढच्या, वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त श्वास झाले, तर धोका. पण गावची सुईण इतके आकडे मोजणार कशी? मग तिच्यासाठी एक साधन काढले: मणी आणि मिनिटभराचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत लाल मणी आला, की औषध द्यायचे. पाढे न शिकलेल्या म्हाताऱ्या बाईच्या हातातले ते टिपण-ॲपच होते. बॅटरी नाही, आणि लाल मण्याचा अर्थ विचारायला कोणाकडे जावे लागत नाही.

पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळंतपण झाले की हजर राहायचे, वजन करायचे, ताप बघायचा, २८ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी त्या घरी जायचे, आणि जे दिसले ते तक्त्यावर लिहायचे. तो तक्ता बघणारा दुसरा माणूस मागून येत असे. १९९३ ते ९५ या काळात तिथे हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत. १९९७-९८ मध्ये तो आकडा साडेपंचविसावर आला. शेजारच्या ज्या ४७ गावांत हे काम नव्हते, तिथे तो साठाच्या आसपासच राहिला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांची घरोघर काळजी ही देशभरची सरकारी योजना झाली. औषधाने बाळे वाचली, सुईने वाचली, ऊब दिल्याने वाचली, हे खरेच. पण कोणत्या घरी, कोणत्या दिवशी, कोणत्या बाळाचे वजन घटले, हे त्या तक्त्यावर नसते, तर औषध कपाटातच राहिले असते.

दुसरी गोष्ट मेंढा या गावाची. शेजारच्या लेखा गावाबरोबर जोडून सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. धानोरा तालुक्यातले हे पाचेकशे वस्तीचे गोंड गाव. गावात आम्हीच सरकार, अशी त्यांची घोषणा, आणि ग्रामसभेचा निर्णय सर्वांच्या संमतीने. बहुमताने नाही, एकजण 'नाही' म्हणाला की पुन्हा बसायचे. (आमच्या सोसायटीत हा नियम लावला तर पाण्याच्या टाकीला रंग लागायला दोन पिढ्या जातील.) पण त्यांनी आणखी एक शहाणपण केले. गावात अभ्यासगट काढला. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी एकत्र बसत, कायदा वाचत, त्यावर बोलत, आणि मग ग्रामसभा ठरवी. परीक्षा नाही, पदवी नाही, पुढे नोकरीही नाही, तरी अभ्यास! हे मी माझ्या भाचीला सांगितले, तेव्हा तिने माझ्याकडे संशयाने पाहिले.

या अभ्यासाचा उपयोग पुढे झाला. वन हक्क कायदा २००६ साली झाला, त्याचे नियम २००८ मध्ये आले. त्या नियमांत पुराव्यांच्या यादीत एक गोष्ट आहे जी वाचून १८६९ सालच्या मेजरसाहेबांना घाम फुटला असता: गावातल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे लिहून घेतले, तर तोही पुरावा. म्हणजे दीडशे वर्षे कचेरीच्या बाहेर बसलेले ते तोंडी दप्तर अखेर आत आले. अट एकच, कोणीतरी ऐकायचे आणि नीट लिहायचे. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि ते परवाना-पुस्तक सरकारकडे. जंगल तुमचे, पण पावती आमची! २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. जगात इतर ठिकाणी मंत्री येतात ते नारळ फोडायला. आमच्याकडे दोघे मोठे मंत्री एक पावती-पुस्तक द्यायला आले. ते पुस्तक किती वजनदार होते, हे कारकुनाला विचारा.

तिसरी गोष्ट वाघांची. ताडोबा १९५५ साली राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. जुन्या काळी वाघ मोजायचे ते पावलांच्या ठशांवरून. काचेवर ठसा गिरवायचा, प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, आणि हा पाय कोणाचा हे ठरवायचे. माझ्या चपलांच्या ठशावरून मला ओळखणे मोच्यालाही जमलेले नाही; पण ते राहो. राजस्थानात सरिस्काला याच पद्धतीने कागदावर डझनाहून अधिक वाघ होते. २००५ साली जंगलात नीट शोधले, तर एकही सापडला नाही. वाघ शिकाऱ्यांनी आधीच नेले होते, वह्या मात्र गुबगुबीत होत्या. लिहिणारे होते, वाचणारा नव्हता. बँकेत याला काय म्हणतात ते मी सांगत नाही, पण त्यासाठी माणसे आत जातात.

त्यानंतर पद्धत बदलली. २००६ पासून कॅमेरे आले. वाघाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे त्याची सही, ती जुळवून मोजायचे. २०१० साली 'एम-स्ट्राइप्स' नावाची व्यवस्था आली आणि पुढे तिचे ॲप वनरक्षकाच्या फोनमध्ये गेले. नावातच पट्टे! गार्ड कोणत्या वाटेने, किती वाजता, किती चालला, हे फोन आपोआप टिपतो. ठसा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, तोडलेले झाड, जे दिसेल त्याची नोंद आणि फोटो जागीच. रेंज नसली तरी चालते, पुढे रेंज मिळाली की मजकूर जातो. पूर्वी बीटची डायरी चुलीशी बसूनही लिहिता येत असे. आता पायांना जावेच लागते. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. त्यांत वाघांचे ७६,६५१. एवढ्या सह्या जुळवायच्या म्हणजे मार्चअखेरच झाली.

पण पायांनी जायचे म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात कोलारा भागात पुढच्या गणनेसाठी खुणा नोंदवत चालत गेलेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारले. आपण वर्तमानपत्रात 'वाघ वाढले' असे वाचतो आणि पान उलटतो. त्या आकड्यातला एकेक अंक कोणीतरी पायी जाऊन आणलेला असतो. मी आकड्यांवरच जगतो, पण तेव्हापासून कोणताही आकडा पाहिला की त्याच्यामागून कोण चालत गेले असेल, असे मनात येतेच.

आता कोणी विचारील, या सगळ्याचा फोनमधल्या रंगीत वह्यांशी संबंध काय? आहे. बाळाचा तक्ता, मेंढ्याची कागदपत्रे आणि गार्डचा फोन, तिन्ही साधने निराळी. एक कागद, एक तोंडी आठवण लिहिलेली, एक ॲप. पण तिन्ही ठिकाणी लिहिणाऱ्याच्या पलीकडे कोणीतरी वाट पाहत होते. टिपण करताना आपण काय वापरतो याला फार महत्त्व नाही; ते उद्या कोण उघडणार, हे ठाऊक असावे लागते. लूमानसाहेबांना दुसरा माणूस मिळाला नाही, तर त्यांनी पेटीलाच माणूस केले. आपण उलटे करतो. ॲपाच्या स्वाधीन केले की आपल्या डोक्यातून ते गेले, म्हणजे आले असे समजतो.

भाचीने हे माझे व्याख्यान निमूट ऐकले. उत्तर दिले नाही. ती गडचिरोलीकडची आहे, ऐकून घेते आणि करायचे ते करते. काही दिवसांनी पाहतो, तर अभ्यासिकेतल्या तिघींनी मिळून ॲपात एकच वही उघडलेली. एकीने लिहायचे, दुसरीने वाचून चूक दाखवायची, आणि रविवारी तिसरीने दोघींना प्रश्न विचारायचे. टिपणे हजारावरून दोनशेवर आली. "विधान परिषदेचे सभासद किती?" मी जाता जाता विचारले. "अठ्ठ्याहत्तर जी," ती मान वर न करता म्हणाली. मला क्षणभर लाल दौतीचा वास आला.

तेव्हा ॲपांना माझी मुळीच हरकत नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४७ वर गेला की शाईचे पेन खिशात पाझरते आणि फोन तापून 'आता मला थंड होऊ द्या' असे म्हणतो. दोघांचीही प्रकृती सारखीच नाजूक. ज्याला जे सोसेल त्याने ते वापरावे. फक्त लिहून झाले की एकदा कोणाला तरी दाखवावे. बायको असेल तर बायकोला, मित्र असेल तर मित्राला, आणि कोणीच नसेल तर बँकेत यावे. अकरा ते चार आम्ही बसलेलेच असतो, आणि दुसऱ्याने लिहिलेले संशयाने वाचण्याचा आम्हाला पगार मिळतो.